एक माझं सोडून

“सगळ्यांची नावं आली रे तिला. एक माझं सोडून.”

घाडीकाका लिफ्टची वाट बघत वॉचमनला सांगत होते. एखादा विनोद सांगावा तसं, हसत. मी त्यांच्या मागे उभी होते. माझ्या कानांत इयरफोन होते, पण त्यांत काही वाजत नव्हतं. बहुतेक वेळा वाजत नसतंच. कोणी बोलायला येऊ नये म्हणून मी ते घालते, आणि मग लोक माझ्यासमोर काय वाटेल ते बोलून जातात.

“इस्त्रीवाल्याचं आलं, मच्छीवालीचं आलं. काल पॅसेजमधल्या मांजरीला नावानं हाक मारली, चिंगे म्हणून. नवरा गेला खड्ड्यात.”

“आयेगा काका, टाइम लगता है,” वॉचमन म्हणाला.

“लगने दो. आपण काय, थांबणारीच माणसं.”

लिफ्टमध्ये आम्ही दोघंच होतो. दार बंद झालं आणि काकांच्या चेहऱ्यावरचं हसू एकदम गेलं. अकरा मजले ते आकड्यांकडे बघत राहिले. मीही आकड्यांकडेच बघितलं.

करी रोडची आमची चाळ पाडून तिथे जी उंच इमारत झाली, तिच्या अकराव्या मजल्यावर घाडीकाका आणि घाडीकाकी आमच्या शेजारी राहायचे. काका तरुणपणी गिरणीत होते. गिरणी बंद झाल्यावर एका पतपेढीत शिपाई झाले. पण तुम्ही काय करायचात असं विचारलं, की दोन्ही गोष्टी गाळून ते सांगायचे, “प्रॉम्प्टर.” परळ-लालबागच्या हौशी नाटकमंडळींना त्यांनी तीस-पस्तीस वर्षं विंगेतून शब्द पुरवले. कधी स्टेजवर आले नाहीत. “मला लोकांसमोर बोलायची लाज,” असं ते सांगायचे तेव्हा मला ते फार जवळचे वाटायचे.

त्यांच्या कामाचा एक नियम होता: शब्द द्यायचा, वाक्य द्यायचं नाही. जमलं तर शब्दही नाही, नुसतं पहिलं अक्षर. “आख्खं वाक्य दिलंस की नट मिंधा होतो. तो मग पोपटासारखा बोलतो. अक्षर दिलंस की वाक्य त्याचं त्याला सापडतं. आणि सापडेपर्यंत थांबायचं. थांबणं हेच काम. बोलणं काय, कोणीही बोलेल.”

हा नियम ते घरादारात सगळीकडे वापरायचे. मी इंग्रजी शाळेत शिकले, त्यामुळे बोलताना मधेच मराठी शब्द अडतो आणि मी गप्प होते. बाकीची माणसं अशा वेळी घाईघाईनं माझं वाक्य पुरं करतात, नाहीतर सरळ इंग्रजीत सुरू होतात. काका छताकडे बघत थांबायचे. एकदा आमचं दार करकरत होतं म्हणून मी त्यांच्याकडे तेल मागायला गेले.

“काका, दाराच्या त्या… ते असतं ना, ज्याच्यावर दार…”

“बि…” काका कुजबुजले आणि छताकडे बघायला लागले. कुजबुजणं त्यांचंच होतं. आवाज हळू, पण बरोबर ज्याला द्यायचा त्याच्या कानात पोचायचा.

“बि… बिजागरी!”

“घे तेल. आणि मडमिणी, आता हा शब्द तुझा झाला. मरेपर्यंत विसरायची नाहीस.”

नाटकांच्या गोष्टी ते काकींसमोर सांगायचे, म्हणजे काकींची थट्टा करता यावी. काकी त्यांच्या प्रत्येक प्रयोगाला जायच्या. मंडळ त्यांना पहिल्या रांगेतल्या मधल्या खुर्चीचा पास द्यायचं. “आणि ही बया काय करायची? ती खुर्ची दुसऱ्या कोणाला तरी देऊन रांगेच्या अगदी टोकाला जाऊन बसायची. तिथून अर्धं स्टेजसुद्धा दिसत नाही. सगळी विंग तेवढी दिसते. पस्तीस वर्षं नाटकं बघितली, एकाची गोष्ट धड सांगता येत नाही. वेडी!”

काकी सुपात तांदूळ निवडत हसायच्या. “माका आवडायची तीच जागा,” एवढंच म्हणायच्या. त्या जागेवरून काय दिसत असेल हे माझ्या लक्षात यायला मला एक मिनिटही लागलं नाही. विंगेत पुस्तक हातात धरून उभे असलेले काका दिसत असणार. पस्तीस वर्षं शब्द पुरवणाऱ्या माणसाला मात्र ते कळलेलं नव्हतं, किंवा कळूनही ते थट्टेवारी नेत होते. कुठलं खरं, मला अजून ठरवता आलेलं नाही.

काकी त्यांचं नाव घ्यायच्या नाहीत. त्यांच्या पिढीच्या, कोकणातून आलेल्या पुष्कळ बायका घेत नाहीत. नवऱ्याचं नाव घेतलं की त्याचं आयुष्य कमी होतं, असं त्यांना लहानपणी सांगितलेलं असतं. पण काकींचा कडकपणा काही वेगळाच होता. काकांना जुनी माणसं दत्तू म्हणायची, म्हणून काकी दत्तजयंतीसुद्धा तोंडातून काढायच्या नाहीत. “त्या पुष्कळ तोंडांच्या देवाची जयंती,” म्हणायच्या. चाळीत नवीन आलेल्या बाईला एकदा वाटलं, घाडीवहिनी रावणाची जयंती करतात.

काकांना ही रीत मुळीच मान्य नव्हती. “अगो, मी पतपेढीत सायबाला नावानं हाक मारून आलो, आणि तू मला अजून ‘आयकलंत का’ करतेस. घे एकदा. मेलो तर माझी जबाबदारी.” काकी त्यांच्या हातावर चापट मारायच्या, “कायतरी अभद्र!” लग्नात उखाणा घ्यावा लागतो, तेवढा एकदाच त्यांनी नाव घेतलेलं. “पण तेव्हा बाहेर बँड वाजत होता,” काका सांगायचे. “सगळ्या बायकांनी ऐकलं. मी नाही. म्हणजे बघ, जगात एकच माणूस आहे ज्यानं हिच्या तोंडून माझं नाव ऐकलेलं नाही. तो मी.”

असं ते दर खेपेला नव्यानं सांगायचे आणि दर खेपेला काकी हसायच्या.

दोन वर्षांपूर्वी काकींना अर्धांगाचा झटका आला. हातपाय थोड्या महिन्यांत सुधारले, बोलणं गेलं ते गेलं. सगळं कळायचं, शब्द सापडायचा नाही. भाकरी बघून म्हणायच्या “चावी” आणि आपण चुकलो हे कळून रडायच्या. परळच्या एका हॉस्पिटलमधून स्पीच थेरपिस्ट आठवड्यातून दोनदा घरी यायला लागल्या. त्यांनी चित्रांची कार्डं दिली. त्यांत झेब्रा होता, सँडविच होतं, बर्फाचा माणूस होता.

“ह्या माणसाला ही आयुष्यात कधी भेटली?” काकांनी कार्डं परत केली आणि स्वतः नवी बनवली. सुरमई, किसणी, पोळपाट, कोकमाची बरणी, करी रोडचा पूल. जाहिरातींतून, जुन्या कॅलेंडरांतून कापून पुठ्ठ्यावर चिकटवलेली. रोज सकाळी दहा वाजता आमच्या स्वयंपाकघराच्या भिंतीपलीकडून त्यांची कुजबुज ऐकू यायची. “कि…” मग लांबलचक शांतता. मी घरून काम करते. लॅपटॉपसमोर बसून मीही नकळत थांबायची. आणि मग कधीतरी काकींचा आवाज, “कि… किसणी!” आणि काकांच्या एकट्याच्या टाळ्या.

माणसांची नावं परत यायला लागली तशी त्यांनी कॅलेंडरच्या मागच्या कोऱ्या बाजूवर यादी केली. आलेल्या नावापुढे बरोबरची खूण. मुलगी सुमन, जी पनवेलला दिली आहे. माझी आई. मी. त्या यादीत सगळ्यांत वर काकांनी स्वतःसाठी लिहिलं होतं, ‘मी’. त्यापुढची जागा कोरीच राहिली.

“तुमचं नाव सुचवा ना त्यांना,” थेरपिस्ट एकदा म्हणाल्या. “पहिलं अक्षर द्या.”

“नाय. माझं नाव मी प्रॉम्प्ट करणार नाही. आपलं आपण आलं तरच ते खरं.”

“पण काका,” त्या म्हणाल्या, “त्या आधीपासून घेत नसतील तुमचं नाव, म्हणून असेल.”

काकांनाही तसंच वाटत होतं. पण मग सोसायटीच्या सेक्रेटरींचा प्रसंग घडला. पॅसेजमधलं चपलांचं कपाट हलवा असं सांगायला ते आले होते आणि बराच वेळ नियम समजावत होते. आयुष्यात कधी कोणाला अरेतुरे न केलेल्या काकी खाटेवरून खणखणीत आवाजात म्हणाल्या, “चल नीघ, रांडेच्या!”

सेक्रेटरी निघून गेले. काकांना इतका आनंद झाला की त्यांनी अकरा मजल्यांवर ही बातमी स्वतः सांगितली. “एका श्वासात! तीन शब्द! आणि व्याकरण बरोबर!” पुढच्या खेपेला थेरपिस्टनी समजावून सांगितलं, की असं होतं कधीकधी, काय बोलायचं आणि काय गिळायचं हे ठरवणारा मेंदूतला लगाम सैल झालेला असतो. मी तेव्हा तिथेच होते, आईनं दिलेली आंबोळी घेऊन गेलेली. काका हसत ऐकत होते. मग हळूहळू त्यांचं हसू थांबलं.

“म्हणजे रीतभात, लाजलज्जा, हे सगळं गेलंय म्हणता.”

“सगळं नाही, पण…”

“मग माझं नाव घ्यायला तिला आता काय अडवतंय?”

थेरपिस्ट फाइलची पानं चाळायला लागल्या.

“काय नाय अडवत. तिथे नावच नाय,” काका म्हणाले आणि आंबोळीचा डबा रिकामा करायला आत गेले.

त्या दिवसापासून ते लोकांना ‘एक माझं सोडून’ सांगायला लागले. घरात मात्र त्यांनी काही कळू दिलं नाही. संध्याकाळी देवापाशी दिवा लावला की खाटेजवळ स्टूल ओढून विचारायचे, “काय बाईसाहेब, मी कोण?” काकी पदर तोंडाला लावून हसायच्या, त्यांच्या हातावर चापट मारायच्या. उघड्या दारातून मी हे कितीदा बघितलं असेल. काकींच्या दृष्टीनं ती चाळीस-पंचेचाळीस वर्षं चाललेली जुनीच थट्टा होती. काका आता थट्टा करत नव्हते, हे त्यांना कळायला काही मार्गच नव्हता. कळत होतं ते मला, पॅसेजमध्ये उभ्या असलेल्या मुलीला.

एका दुपारी काका औषधं आणायला गेले होते आणि मी काकींजवळ बसले होते. पालिकेच्या आरोग्यखात्याची एक बाई आली, तापाचं सर्वेक्षण करत. घरात किती माणसं, कोणाला ताप आहे का, असं विचारून झाल्यावर तिनं काकींना विचारलं, “मिस्टरांचं नाव?”

काकींनी मला कोपरानं ढोसलं. “तू… सांग.”

मी म्हणाले, “दत्तात्रय घाडी.” दत्तू म्हणजे दत्तात्रयच असणार, असं मी लहानपणापासून धरून चालले होते.

काकींनी जोरात मान हलवली. नाही, नाही. मग चांगल्या हातानं माझं मनगट पकडून त्या उठल्या, भिंतीला धरत मला दारापर्यंत घेऊन गेल्या आणि दाराबाहेरच्या पाटीवर बोट ठेवलं. ‘दत्ताराम सोनू घाडी’. बोट नेमकं ‘राम’वर होतं. शेजारी राहून इतक्या वर्षांत मी ती पाटी कधी वाचली नव्हती. आणि तेव्हा मला कळलं, की काकी रामनवमीला ‘चैत्रातली नवमी’ का म्हणायच्या, आणि रामफळाला ‘सीताफळाचो भाऊ’ का म्हणायच्या.

बाई लिहून घेऊन गेली. मी दार लावलं.

“काकी, तुम्हाला येतं नाव?”

त्यांनी माझ्याकडे असं बघितलं, जसं काही मीच आजारी आहे.

“मग काका रोज विचारतात, तेव्हा घेत का नाही?”

त्यांनी खूप वेळ शब्द शोधला. मी छताकडे बघत थांबले, काकांसारखी. “आयुष्य…” त्या म्हणाल्या. मग पुन्हा शोधलं. “कमी.” आणि दाराजवळच्या काकांच्या जुन्या चपलांकडे बोट दाखवलं.

सगळं गेलं होतं. भाकरीचं नाव गेलं होतं, शिव्या कुठे थांबवायच्या ते गेलं होतं. एवढी एक गोष्ट त्यांनी घट्ट धरून ठेवली होती.

हे मी त्याच संध्याकाळी काकांना सांगायला हवं होतं. का सांगितलं नाही याची कारणं माझ्याकडे आहेत आणि त्यांतलं एकही पुरेसं नाही. ते परत आले तेव्हा त्यांच्याबरोबर खालच्या मजल्यावरचे कोणी होते. दुसऱ्या दिवशी माझी मीटिंग होती. मग मला वाटायला लागलं, की ही त्या दोघांची आपापसातली गोष्ट आहे, मी बाहेरची. मी कुठलीही महत्त्वाची गोष्ट आधी मनात इंग्रजीत बोलते, मग तिचं मराठी करते, मग ते मराठी मला खोटं वाटतं. असे नऊ-दहा दिवस गेले. भिंतीपलीकडून रोज संध्याकाळी “मी कोण?” ऐकू येत होतं.

एका रविवारी सकाळी मी ठरवून गेले. वाक्य तयार होतं. काकांनी दार उघडलं आणि ओठांवर बोट ठेवलं. काकी झोपल्या होत्या. काकांच्या हातात कात्री होती आणि बनियनला कागदाचे कपटे चिकटलेले होते.

“काय गो?” ते कुजबुजले.

“काका, मला… काकींचं… म्हणजे ते…”

आणि वाक्य गेलं. माझ्या चेहऱ्यावरून त्यांना ते लगेच कळलं. त्यांनी छताकडे बघितलं. थांबले. बराच वेळ थांबले. माझ्या हातात योगायोगानं आमची रिकामी वाटी होती, आदल्या दिवशी त्यांच्याकडून आलेली, परत द्यायची. त्यांनी वाटीकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं, आणि मदत म्हणून मला अक्षर दिलं.

“सा…?”

“साखर,” मी म्हणाले.

“शाब्बास.” ते वळून स्वयंपाकघरात गेले. मी दारात उभी होते. पाठमोरे काका चवड्यांवर उंच होऊन फळीवरचा डबा काढत होते, डब्याचा आवाज होऊ नये म्हणून झाकण पोटाशी धरून उघडत होते. मग ती वाटी शिगेला भरून, सांडू नये म्हणून खाली दुसरा हात धरून, एकेक पाऊल टाकत माझ्यापर्यंत आले. “सावकाश जा,” ते म्हणाले आणि मी घरात शिरेपर्यंत दार उघडं धरून उभे राहिले.

मंगळवारी सकाळी लालबागच्या मच्छीबाजारात ते बसल्या जागी गेले. छातीत दुखतंय असं मच्छीवालीला म्हणाले, तिनं आपला पाट बसायला दिला, तेवढंच.

काकी रडल्या नाहीत, बोलल्याही नाहीत. सुमनताई पनवेलहून येऊन राहिली. पंधरा-वीस दिवसांनी तिनं थेरपी पुन्हा सुरू केली. नेहमीच्या थेरपिस्ट रजेवर होत्या, त्यांच्या जागी माझ्याच वयाची एक मुलगी आली. तिला कोणी काही सांगितलेलं नव्हतं. मी आणि ताई खाटेजवळ बसलो होतो. मुलगी फाइल उघडून एकेक प्रश्न वाचायला लागली. आजी, हे काय आहे? हे काय? मुलीचं नाव काय? काकी अडखळत उत्तरं देत होत्या.

“आणि आजी, मिस्टरांचं नाव काय?”

ताई “अहो, ते…” म्हणून पुढे झाली, तोपर्यंत काकींनी मान वर केली होती.

“दत्ताराम सोनू घाडी.”

कुठे अडखळल्या नाहीत. आवाज मोठा होता, भरल्या घरात सगळ्यांना ऐकू जावा असा.

“व्हेरी गुड, आजी! एकदम क्लिअर!” मुलीनं फाइलमध्ये खूण केली. ती खुशीत होती. पुढच्या गुरुवारी येते म्हणून गेली.

सुमनताई स्वयंपाकघरात जाऊन ओट्याला धरून रडायला लागली. मी तिच्या मागे गेले. “बाबांना फक्त एवढंच ऐकायचं होतं गं,” ती म्हणाली. “रोज फोनवर तेच बोलायचे. मला विसरली, मला विसरली. आणि आता आठवलं तिला. आता.”

काही बोलले नसते तरी चाललं असतं. ताईनं माझ्याकडे उत्तर मागितलं नव्हतं. मनात मी ते इंग्रजीत जुळवायला सुरुवात केली आणि सोडून दिलं.

“आता नाही आठवलं, ताई,” मी म्हणाले. “त्या विसरल्याच नव्हत्या. मला माहीत होतं. मी काकांना सांगितलं नाही.”